पोशाखपूरक वस्तूंची नावे, सोलापूर परिसरातील

पोशाखपूरक वस्तूंची नावे, सोलापूर परिसरातील : अंगावरचे मुख्य वस्त्र सोडून जे डोक्याला बांधतात, खांद्यावर टाकतात, कमरेला खोचतात किंवा वस्त्र आवळण्यासाठी वापरतात, त्यांची सोलापूर शहरात व जिल्ह्यात चालणारी मराठी नावे. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड घरोघरी बोलली जाते. शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू आहे आणि दखनी उर्दू बाजारात सगळ्यांनाच येते. त्यामुळे येथील अनेक नावांचा उगम एकट्या मराठीच्या आधारे ठरवता येत नाही. टोपी, पट्टा, चप्पल, मफलर ही नावे महाराष्ट्रभर सारखीच असल्याने त्यांच्या उगमाचा विचार येथे केलेला नाही.

जुन्या साधनांचा उपयोग मर्यादित आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या सोलापूर खंडात (१८८४) जातवार पोशाखाची वर्णने आहेत, पण ती इंग्रजीत. ‘कमरेचे वस्त्र’, ‘खांद्याचे वस्त्र’ अशा सरसकट शब्दांत पंचा, उपरणे, शेला हे सारे गडप होतात. वस्तू कळते, तिचे नाव कळत नाही.

चंची ही पान, सुपारी, कात, तंबाखू आणि चुन्याची डबी ठेवण्याची कापडी पिशवी. लांबट कापडाचे पदर एकावर एक शिवून तिला कप्पे पाडतात, कडेला वेगळ्या रंगाचा गोट लावतात आणि एका टोकाला हातभर दोरी जोडतात. पान जमले की चंची गुंडाळायची, दोरीचे वेढे द्यायचे, उरलेले टोक वेढ्यात खोचायचे. जाणता माणूस चुन्याची डबी पानापासून लांबच्या कप्प्यात ठेवतो. सांडलेला चुना पानाला लागला तर तोंड भाजते. शब्दाच्या उगमाबद्दल दोन मते संभवतात. पहिले, संस्कृत संच, संचय यांवरून : जेथे साठवण होते ती चंची. दुसरे, कन्नड व तेलुगूतील ‘संचि’वरून. तेलुगूत आजही कोणत्याही पिशवीला संचि म्हणतात. कन्नडमध्ये विड्याच्या पिशवीसाठी हा शब्द निदान सतराव्या शतकापासून असावा, कारण म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर (कारकीर्द १६७३–१७०४) याच्या राजवाड्यातील कवयित्री होन्नम्मा ‘संचिय होन्नम्मा’ म्हणून ओळखली जाते आणि हे नाव तिला विड्याची पिशवी सांभाळण्याच्या कामावरून मिळाले असे मानतात. पुढच्या ‘च’च्या शेजारामुळे आरंभीच्या ‘स’चाही ‘च’ व्हावा, यात ध्वनिदृष्ट्या अडचण नाही. संस्कृत मत सर्वस्वी टाकाऊ नाही, कारण दक्षिणेतील संचि मुळात संस्कृतोद्भव असू शकेल. मात्र मराठीत तो थेट न येता शेजारून, बहुधा कन्नडमधून आला असावा, हे अधिक सयुक्तिक वाटते. केवळ साठवण हाच अर्थ असता तर धान्याच्या पिशवीलाही चंची म्हटले गेले असते. मराठीत तसे कोणी म्हणत नाही.

कसा या शब्दाचा गुंता आणखी वेगळा आहे. कसा म्हणजे पैसे ठेवण्याची अरुंद, लांब कापडी पिशवी. ती कमरेभोवती बांधून वरून धोतर नेसले की पाहणाऱ्याला पत्ता लागत नसे. बाजारहाटाला जाणारा शेतकरी आणि गावोगाव फिरणारा व्यापारी या दोघांचीही ती सोय होती. पण बंडी किंवा अंगरखा आवळायच्या नाड्यांनाही ‘कसे’ म्हणतात. तेव्हा ‘कसा’ हा शब्द ‘कसणे’पासून आला, की पिशवी या अर्थाच्या अरबी-फार्सी ‘कीसा’पासून? ‘खिसा’ हा कीसाचाच मराठी अवतार याबद्दल फारसा वाद नाही, म्हणून ‘कसा’ही तिथलाच असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हटले तर नाडीच्या अर्थाचा उलगडा होत नाही. संस्कृत ‘कशा’ (चाबूक, वादी) हा तिसरा दावेदार नाडीला जुळतो, पिशवीला नाही. मुळात हे दोन निराळे शब्द असावेत : नाडीचा कसा कसण्यापासून, पैशांचा कसा कीसापासून. पैशांचा कसाही कमरेला कसूनच बांधायचा असल्याने पुढे ते एकमेकांत मिसळले, असे धरल्यास सर्व अर्थ जागेवर बसतात. शिवलेला खिसा आल्यावर वस्तू गेली आणि शब्दही हळूहळू मागे पडला.

नाड्यांचा विषय निघाला की सोलापुरात बाराबंदी, म्हणजे नाड्यांच्या गाठी मारून घालायचा अंगरखा, आठवतेच. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत (गड्डा) सात नंदीध्वजांची (उंच, जड मानाच्या काठ्यांची) मिरवणूक निघते. त्या वेळी ते पेलणारे व त्यांच्यासोबतचे भक्त पांढऱ्या बाराबंदीत असतात. बारा हा आकडा कशाचा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. एका गाठीला दोन टोके लागतात. टोके मोजली तर गाठी सहाच होतात. सहा गाठी व्यवहाराला पुरतात, बारा गाठी बांधत बसण्याइतका धीर मिरवणुकीच्या सकाळी कोणाला असणार? तेव्हा आकडा टोकांचा असावा. ‘बंद’ फार्सी की संस्कृत ‘बंध’, या वादात फार अर्थ नाही. दोन्ही भाषांत तो एकाच पूर्वजाकडून उतरला आहे.

गुंडी म्हणजे बटण, विशेषतः कापडाची गाठ वळून केलेले गोल बटण. कन्नड व तेलुगूतही बटणाला गुंडीच म्हणतात आणि तेथे ‘गुंडु’ म्हणजे गोल दगड, गोळा. त्यामुळे या शब्दाचे मूळ द्राविडी असण्याकडे कल आहे. गुंडी जिच्यात अडकते त्या भोकाला काज म्हणतात. हा शब्द सामान्यतः पोर्तुगीज ‘काझा’पासून (घर, बटणाचे भोक) आल्याचे मानतात. किनाऱ्यावर उतरलेला शब्द घाट चढून आला, पण त्याचा जोडीदार ‘बुतांव’ गोव्या-कोकणातच राहिला. परिणामी एकाच सदऱ्यावर द्राविडी गुंडी पोर्तुगीज काजात अडकते, आणि शिंपी दोन्हीकडे मराठी म्हणूनच पाहतो.

रुमाल फार्सी आहे : रू म्हणजे चेहरा, माल म्हणजे पुसणारा. परंतु कन्नडमध्ये रुमाल म्हणजे डोक्याला बांधायचे वस्त्र आणि सीमेलगतच्या गावांत मराठी बोलणारी वयस्क माणसेही ‘रुमाल बांधला’ म्हणतात तेव्हा डोक्याबद्दलच बोलत असतात. दफ्तर बांधायचे चौकोनी फडकेही रुमालच. रुमाल मुळात एवढा मोठा होता म्हणूनच खिशातल्या लहान तुकड्याला ‘हातरुमाल’ असे वेगळे नाव द्यावे लागले. त्याच तुकड्याला जिल्ह्याच्या मराठवाड्याकडील बाजूस दस्ती म्हणतात (फार्सी दस्त, हात). तेलंगणाच्या तेलुगूतही दस्तीच चालते, त्यामुळे पूर्व भागातील घरांत तो पूर्वीच्या निजामी मुलखातून थेट आला असणे शक्य आहे.

कमरेच्या दोऱ्याला मराठीत कडदोरा किंवा करगोटा, कन्नडमध्ये उडिदार, तेलुगूत मोलत्राडु. तिन्ही नावांचा अर्थ एकच, कमरेचा दोरा. येथे उसनवारी नाही, तीन भाषांनी एकाच वस्तूकडे सारखेच पाहिले आहे. कन्नड ‘उडि’ म्हणजे ओटीही. ओटी भरण्याला ‘उडि तुंबुवुदु’ म्हणतात.

स्त्रियांच्या बाबतीत वेगळ्या पिशवीची गरज नेसण्यातच भागलेली दिसते. इरकली लुगड्याचा कमरेशी खोचलेला पुढचा भाग म्हणजे ओचा. त्यात शेंगा, भाजी, प्रसंगी लहान मुलाचा खाऊ. कमरेच्या पिळात नाणे किंवा घडी केलेली नोट जिथे राहते ती कनवट. पुरुषांच्या धोतरालाही कनवट असते. ‘कनवटीला लावणे’ हा वाक्प्रचार धोतर न नेसणाऱ्यांच्या तोंडीही आहे. तान्ह्या मुलाच्या डोक्यावरून पाठीवर उतरणारी कुंची कन्नड ‘कुंचिगे’शी जुळते; देणारी भाषा कोणती हे ठरवणे अवघड आहे.

डोक्यावरच्या वस्तूंपैकी गांधी टोपीला या शहरात राजकीय इतिहास आहे. सविनय कायदेभंगाच्या आंदोलनात, मे १९३० मध्ये, सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा ती घालणे अंगलट येण्यासारखे होते. त्या आंदोलनातील चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुढे हीच टोपी आहेराची झाली. लग्नात, निरोपसमारंभात ‘टॉवेल-टोपी’ देतात आणि यातला टॉवेल पुसण्यासाठी नसून खांद्यावर टाकण्यासाठी असतो. चादरीप्रमाणेच सोलापुरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. शेल्याची जागा येथे टॉवेलने घेणे यंत्रमागांच्या गावाला साजेसे आहे. पाव्हण्याच्या खांद्यावर तो टाकताना घडी मोडत नाहीत, लेबलही तसेच राहू देतात.