खेळण्यातून पोटात काय जातं?

खेळण्यावरचा रंग खरवडायचा, त्याचा बारीक भुगा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचा, ते मिश्रण ३७ अंश सेल्सिअसला तासभर हलवत ठेवायचं आणि पुढे आणखी तासभर तसंच राहू द्यायचं. युरोपातल्या ईएन ७१ या मानकाच्या तिसऱ्या भागात ही चाचणी दिली आहे. तापमान शरीराचं, आम्ल जठरातल्यासारखं: रंगाचा पोपडा गिळलेल्या बाळाच्या पोटाचं हे सोंग. शेवटी त्या आम्लात शिसं, कॅडमियम, पारा वगैरे किती उतरलं ते मोजतात.

मला ही चाचणी आवडते, कारण ती मुद्द्याचं विचारते. खेळण्यातून बाहेर काय पडतं आणि मुलाच्या अंगात किती जातं, यावर सगळा धोका ठरतो. आपण मात्र दुकानात लाकडी घ्यावं की प्लॅस्टिकचं, इथेच अडतो. लाकडावरचा रंग कुठला, रोगण कुठलं, प्लायवूड असेल तर त्यातला गोंद कुठला (काही गोंदांतून फॉर्मल्डिहाइड हळूहळू सुटत राहतं), हे प्रश्न लाकूड निवडल्यानं सुटत नाहीत.

शिशाचंच बघा. लेड क्रोमेट हे रंगद्रव्य झळझळीत पिवळा आणि केशरी रंग देतं, तो लवकर विटतही नाही, म्हणून रंग बनवणाऱ्यांना ते सोयीचं. गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचं शरीर साधारण दहावा हिस्सा शोषतं; लहान मुलाचं निम्म्यापर्यंत शोषू शकतं. शिसं आणि कॅल्शियम यांत शरीराची गल्लत होते, त्यामुळे शिसं हाडांत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं तिथे राहतं आणि थोडं थोडं रक्तात परत येतं. आहारात लोह किंवा कॅल्शियम कमी पडत असेल तर ते जास्तच शोषलं जातं. मोठा फटका वाढत्या मेंदूला बसतो, तोही मुकाट्यानं. ताप नाही, पुरळ नाही. रक्तातलं अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत खेळण्यांच्या रंगासाठी मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, इतकी कडक आहे ती यामुळेच.

नुसतं बघून यातलं काही कळत नाही. रंग बदलून निकाल सांगणारे घरगुती चाचणी-संच मिळतात, पण खेळण्यांच्या बाबतीत ते भरवशाचे नाहीत: शिसं असताना नाही म्हणतात, नसताना आहे म्हणतात. म्हणून पोपडे सुटलेलं जुनं रंगीत खेळणं, घरात कितीही लाडाचं असलं, तरी बाळाच्या हाती देऊ नये. शोभेला ठेवावं. जुनं प्लॅस्टिकही यातून सुटत नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात वापरलेली २०० प्लॅस्टिक खेळणी तपासली होती. शिसं, कॅडमियम आणि ब्रोमीन त्यांतल्या बऱ्याच खेळण्यांत निघालं, तेही मुख्यतः पिवळ्या, लाल आणि काळ्या प्लॅस्टिकमध्ये.

मऊ प्लॅस्टिकची तऱ्हा वेगळी. पीव्हीसी नावाचं प्लॅस्टिक मुळात नळाच्या पाइपसारखं कडक असतं. ते लवचीक व्हावं म्हणून त्यात थॅलेट नावाची तेलकट रसायनं मिसळत आले आहेत. ही रसायनं पीव्हीसीच्या रेणूंना पक्की बांधलेली नसतात, नुसती मधल्या फटींत शिरून बसतात. म्हणून चावलं, चोखलं की लाळेत उतरतात. माळ्यावर पडून राहिलेली जुनी मऊ बाहुली हाताला चिकट लागते, ती बहुतेक वेळा धुळीमुळे नव्हे. आतला तेलकट पदार्थ पृष्ठभागावर येऊन बसलेला असतो. काही थॅलेटं पुरुष-संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. युरोपनं १९९९ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या तोंडात घालायच्या वस्तूंमध्ये सहा थॅलेटांवर तात्पुरती बंदी आणली आणि २००५ मध्ये कायमचे निर्बंध घातले. मर्यादा ०.१ टक्का.

बंदी आली की पळवाटही येते. बाळांच्या दुधाच्या बाटल्यांच्या कडक प्लॅस्टिकमधलं बिस्फेनॉल-ए (बीपीए) हे रसायन हद्दपार झालं आणि अनेक उत्पादनांत त्याच्या जागी बिस्फेनॉल-एस आलं. त्याचीही रचना तशीच आणि संप्रेरकांशी खेळण्याची खोडही तशीच. मुलांच्या स्वस्त दागिन्यांत शिशावर टाच आली, तेव्हा काहींमध्ये कॅडमियम सापडू लागलं. ‘अमुक-मुक्त’ असं ठळक छापलेलं दिसलं की त्याऐवजी काय घातलंय, हे विचारायला हवं. उत्तर बहुधा मिळत नाही, हा भाग वेगळा.

२००७ सालची एक घटना तर कुठल्याच लेबलावरून ओळखता आली नसती. पाणी शिंपडलं की एकमेकांना चिकटणारे रंगीत मणी ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत विकले जात होते. त्यांच्या गोंदात एका रसायनाऐवजी स्वस्तातलं १,४-ब्युटेनडायॉल पडलं. पोटात गेल्यावर त्याचं जीएचबी या गुंगी आणणाऱ्या द्रव्यात रूपांतर होतं. मणी गिळलेली काही मुलं बेशुद्ध पडली आणि माल बाजारातून परत मागवावा लागला. म्हणून मी तरी वेष्टनावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि बॅच क्रमांक बघतो. माल परत मागवायची वेळ आली तर आपल्या घरातलं खेळणं त्यातलंच आहे का, हे त्यावरूनच कळतं. निनावी, नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं खेळणं कितीही स्वस्त असलं तरी बाळासाठी घ्यायच्या लायकीचं नाही.

एवढी सगळी रसायनं सांगूनही, घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू कोणती असं विचारलंत तर मी बटण सेलकडे, म्हणजे नाण्यासारख्या चपट्या छोट्या बॅटरीकडे, बोट दाखवीन. त्यातलं काही गळावंही लागत नाही. २० मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या उतींमधून वीजप्रवाह सुरू होतो, ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होतं आणि दोन तासांत गंभीर भाजतं. खेळणं चालेनासं झालं, म्हणून ‘संपलेला’ ठरलेल्या सेलमध्येही एवढं करायला पुरेशी वीज उरलेली असते. सेलच्या कप्प्याला स्क्रू नसेल तर ते खेळणं घेऊ नका. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि बदललेल्या जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावून तो मुलाच्या हाताला लागणार नाही असा टाका.