कापूस रंग कसा धरतो : आलीच्या मुळापासून पुडीच्या रंगापर्यंत

पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतात तोही रंग आणि त्याच्या पाठीवरच्या झुलीचा असतो तोही रंगच. पण दोघांचे काम निराळे. शिंगावरचा रंग म्हणजे पाण्यात न विरघळणारी बारीक पूड. ती तेलात किंवा डिंकात कालवून वरून चिकटवलेली असते, म्हणून घासली की निघते. गेरू, हिंगूळ, चुना ही सगळी त्याच जातीची. झुलीचा रंग आधी पाण्यात विरघळतो, सुताच्या आत शिरतो आणि तिथेच अडकतो. या लेखात रंग म्हणजे हा दुसरा रंग.

अशा रंगाच्या रेणूत कार्बनचे एकाआड एक दुहेरी बंध असतात. ही साखळी उजेडातला एखादा भाग शोषून घेते आणि उरलेला आपल्याला दिसतो. नीळ नारिंगी उजेड खाते, म्हणून कापड निळे दिसते. मात्र रंग दिसणे ही अर्धीच गोष्ट, तो टिकला पाहिजे. हळद कापसाला सहज लागते, पण साबण लागला की लाल होते आणि दोन-चार दिवसांच्या उन्हात उडून जाते. पळस, डाळिंबाची साल, झेंडू, लाख, रंग देणाऱ्या वस्तूंची विदर्भात कधीच वाण नव्हती. अडचण होती ती कापसाची.

लोकर आणि रेशीम ही प्रथिने आहेत. त्यांच्यावर रंगाला धरायला विद्युतभार असलेल्या जागा असतात. भंडारा-गडचिरोलीच्या टसर रेशमाला व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात आम्ल-रंग तासाभरात बसतो. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्यावर अशा जागा जवळजवळ नसतात. उलट पाण्यात पडल्यावर त्याच्यावर थोडा ऋणभार येतो. बहुतेक रंगांचे रेणूही ऋणभारितच असतात, त्यामुळे दोघे एकमेकांना दूर लोटतात. विदर्भ हा कापसाचा मुलूख असल्यामुळे इथल्या रंगाऱ्याची सारी विद्या या एका हट्टी धाग्याला वळवण्यात खर्ची पडली.

त्या विद्येचा कळस म्हणजे आलीचा लाल. आल, म्हणजे बारतोंडीच्या कुळातले झुडूप, एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात आणि नागपूर भागात शेतात पेरले जाई. रंग मुळाच्या सालीत असतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी शेत खोल खणून मुळे काढावी लागत. बारीक मुळांना भाव जास्त, कारण त्यांत लाकूड कमी आणि साल जास्त. जाड मूळ निरुपयोगी ठरे. एवढ्या खणणावळीमुळे हे पीक कष्टाचे आणि महागही होते.

मुळाचा काढा पिवळट असतो. लाल येतो तो ॲल्युमिनियममुळे, म्हणजे तुरटीमुळे. तुरटीतला धातू एका हाताने सूत धरतो आणि दुसऱ्याने रंग. तिघांचे मिळून जे तयार होते ते पाण्यात विरघळत नाही. पण तुरटी कापसाला नुसती नीट चिकटत नाही, म्हणून तिच्याआधी हिरडा. हिरड्यातले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुतावर बसते आणि तुरटीला धरून ठेवते. आलीच्या कामात त्याही आधी कापड एरंडेल आणि खार यांच्या मिश्रणात पुन्हापुन्हा भिजवून वाळवत, ते वेगळेच. घाई केली की कापड ठिपक्याठिपक्यांनी रंगे. असे रंगवलेले जाड लाल कापड म्हणजे खारवा. ते वह्यांच्या वेष्टनांना आणि बासनांना वापरत. त्याला कीड-वाळवी लागत नाही असा समज होता.

यात पाण्याचाही वाटा आहे. आल, मंजिष्ठा या कुळातल्या लाल रंगांना चुनखडीचे जड पाणी मानवते, कारण कॅल्शियम त्या बंधात सामील होऊन रंग उजळवते. आजच्या बाजारातल्या पुडीच्या कृत्रिम रंगाचे उलट आहे. जड पाण्यात त्याचा गाळ बसतो आणि छटा मळकी येते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात ही तक्रार नेहमीची. तिथे रंगकामाला पावसाचे साठवलेले पाणी घ्यावे. ते नसेल तर पाणी उकळून, निवळून वरचे घ्यावे. पण उकळल्याने जडपणा अर्धामुर्धाच जातो आणि मीठ तर तसेच राहते.

निळीची रीत अगदी वेगळी. तिला तुरटी लागत नाही, पण ती पाण्यात विरघळतही नाही. जमिनीत पुरलेल्या रांजणात नीळ, चुना, गूळ आणि उकडलेले तरोट्याचे बी आंबवत. आंबण्याने पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि नीळ पिवळट-हिरव्या, विरघळणाऱ्या रूपात येते. वर तांब्यासारखी साय आणि निळा फेस आला की रांजण तयार. कापड बुडवून बाहेर काढले की हिरवे दिसते आणि हवा लागताच काही मिनिटांत डोळ्यांदेखत निळे होते. गडद रंगासाठी पाच-सहा छोट्या बुड्या द्याव्यात. एकाच लांब बुडीने रंग वरवर साचतो आणि अंगाला लागतो. चुना जास्त झाला तर आंबणे थांबते, कमी झाला तर रांजण नासतो. ढवळताना खळखळ केली की हवा शिरून नीळ पुन्हा खाली बसते. पारा उतरला की आंबणे मंदावते. रांजण जमिनीत पुरण्याचे एक कारण हेच.

मग १८५६ साल आले. लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन बनवू पाहत होता. हाती लागला जांभळा रंग. डांबरातून रंग निघतो हे कळल्यावर जर्मन प्रयोगशाळांनी तो धागा सोडला नाही. ग्रेबे आणि लीबरमान यांनी १८६८ मध्ये मंजिष्ठेतला लाल, म्हणजे ॲलिझरिन, प्रयोगशाळेत बनवला. पुढच्याच वर्षी त्याचे पेटंट झाले आणि काही वर्षांत तो डब्यातून मिळू लागला. आलीचे पीक ज्यावर उभे होते तो आधारच गेला: जे तीन वर्षे जमिनीत वाढवायचे, ते आता तोलून विकत मिळत होते. निळीला थोडा जास्त वेळ मिळाला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ॲडॉल्फ फॉन बायरने ती १८८० मध्ये बनवली आणि बीएएसएफ या जर्मन कंपनीने १८९७ मध्ये बाजारात आणली.

खेड्यापाड्यातल्या रंगकामाच्या दृष्टीने आम्ही याहून मोठी मानतो ती १८८४ ची काँगो रेडची घटना. कापसाला हिरडा-तुरटीशिवाय, नुसत्या मिठाच्या गरम पाण्यात धरणारा हा पहिला कृत्रिम रंग. मीठ कापसावरचा ऋणभार झाकते आणि रंगाला जवळ येऊ देते. आठवडी बाजारातली रंगाची पुडी ती हीच. चार-पाच दिवसांचे काम तासाभरात उरकले. पण हा रंग सुताला फक्त दुबळ्या बंधांनी लटकलेला असतो, म्हणून प्रत्येक धुण्यात थोडा निघतो आणि पांढऱ्या धोतराला लागतो.

ही खोट १९५० च्या दशकात भरून निघाली. आयसीआय कंपनीच्या रॅटी आणि स्टीफन यांनी कापसाशी थेट रासायनिक बंध जोडणारे रंग शोधले आणि १९५६ मध्ये ते प्रोसिऑन नावाने विक्रीला आले. थंड पाण्यात चालणाऱ्या या जातीचे एक किलो कोरड्या सुती कापडासाठी प्रमाण असे: पाणी २० लिटर, रंग २० ते ३० ग्रॅम, मीठ एक किलो, धुण्याचा सोडा ४०० ग्रॅम. कापड आधी सोडा-साबणात उकळून खळ काढावी. कोऱ्या मांजरपाटावर थेंब तरंगत राहिला तर रंगही तरंगेल. कापड प्रथम रंग आणि मिठाच्या पाण्यात अर्धा तास हलवत राहावे. नंतर कापड बाजूला काढून सोडा वेगळा विरघळवून घालावा, कापड परत टाकावे आणि तासभर ठेवावे. बंध सोड्यानेच जुळतो. सोडा सुरुवातीला घातला तर रंग सुताऐवजी पाण्याशीच जुळून वाया जातो. सोडा घातलेले पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्यातही म्हणूनच अर्थ नाही. शेवटी थंड पाण्याने खळबळून, मग उकळत्या साबणाच्या पाण्यात दहा मिनिटे. ही पायरी टाळली की न जुळलेला रंग पुढे महिनाभर निघत राहतो आणि दोष रंगाला दिला जातो. भांडे स्टीलचे किंवा प्लास्टिकचे घ्यावे. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्याला सोडा खातो.

ॲझो हे कृत्रिम रंगांचे एक कूळ. त्यातल्या काही रंगांपासून अमाइन नावाची कर्करोगकारक रसायने सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये त्यांवर बंदी आणली. भारतानेही १९९७ मध्ये तसे केले. तेव्हापासून झाडापानांच्या रंगांना पुन्हा गिऱ्हाईक आले. वर्ध्यात त्याची परंपरा जुनी आहे: १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही खादी नैसर्गिक रंगांत रंगवते.

मात्र फुले उकळली की झाले, असे समजून सुरू केलेले काम पहिल्या धुण्यातच उघडे पडते. पळसासाठी एक किलो खळ काढलेल्या सुती कापडाला २०० ग्रॅम हिरडा पूड, रात्रभर भिजवून, न धुता सावलीत वाळवणे. मग २०० ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात तासभर. मग एक किलो सुक्या फुलांचा गाळलेला काढा. त्यात कापड पाऊण तास, उकळी न आणता, हात पोळेल एवढ्याच उष्णतेवर. तुरटीच्या जागी २० ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, वापरली तर पिवळ्याऐवजी गडद शेवाळी येतो. लोखंडी कढईत उकळले तर तीच छटा नको असताना येते. हिराकस याहून वाढवू नये. जास्त लोहाने सूत कुजते आणि वर्षभरात कापड घडीवर फाटते.

करडईच्या पाकळ्यांना तुरटी लागत नाही, पण कसब जास्त लागते. पाकळ्या कापडात बांधून थंड पाण्यात पिवळे निघेपर्यंत धुवाव्यात, मग पापडखाराच्या थंड पाण्यात मळाव्यात. त्या तांबूस अर्कात फेस येणे थांबेपर्यंत लिंबाचा रस घातला की कुसुंबी रंग खुलतो. कापड त्यातच थंडच बुडवावे. आच लागली तर रंग मरतो आणि खाराच्या साबणाने तो निघूनही जातो, म्हणून हे कापड सणासुदीचे, रोजच्या धुण्याचे नव्हे. करडई मुख्यतः तेलासाठी पेरतात. बी भरल्यावर सुकू लागलेल्या पाकळ्या तोडल्या तर तेलाचे नुकसान होत नाही, पण काट्यांमुळे हात जाड कापडात गुंडाळूनच तोडणी करावी लागते.