सरकी घरातून गेली, वेचणी उरली

खान्देशात कपाशीचे बी आज दुकानातून येते: पावणेपाचशे ग्रॅमचे पाकीट, वर कंपनीचे नाव. जरीला, विरनार असली देशी वाणे पेरली जात तेव्हा बियाणे राखणे हे बरेचसे बायांचे काम होते. वेचतानाच निरोगी झाडांची भरलेली बोंडे वेगळी काढायची. पावसात भिजलेली आणि शेवटच्या वेचणीतली बारकी टाळायची. कापूस रेचून सरकी निघाली की पेरणीआधी ती शेणमातीच्या काल्यात चोळून सुकवायची, म्हणजे बियांवरची लव बसते. ती बसली नाही तर दाणे एकमेकांना चिकटतात आणि शेतात एके ठिकाणी दाटी, पुढे नांगा, म्हणजे रिकामी जागा, पडते. जिनातून, म्हणजे कापूस रेचणाऱ्या कारखान्यातून, परत आणलेल्या सरकीत वाणांची मिसळ असे, म्हणून घरच्या सरकीवर भरवसा.

या जाणतेपणाला ‘विज्ञान’ कुणी म्हटले नाही. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवीत मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा सरकारने खान्देशात हिंगणघाटचे बी आणवले. चांगले बी कोणते, हे गिरणीला लागणाऱ्या धाग्याच्या लांबीवर ठरू लागले. पुढे 1970 मध्ये सुरतेहून एच-4 हा संकरित वाण आला. संध्याकाळी, उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर काढायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग हाताने लावायचे, असे हे बी तयार होते. त्याची सरकी पुन्हा पेरली तर पुढच्या पिढीत गुण फुटतात, झाडे एकसारखी येत नाहीत. दरवर्षी विकत घेणे आले. 2002 मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळी मारणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली, तीही संकरित वाणांतूनच.

1980 च्या दशकात एव्हलिन फॉक्स केलर, सँड्रा हार्डिंग या अमेरिकी स्त्रीवादी अभ्यासकांनी विचारले: विज्ञान तटस्थ म्हणवते, पण प्रश्न कोण ठरवतो? भारतात पर्यावरणवादी वंदना शिवा यांनी हरितक्रांतीने बायांचे ज्ञान हिरावले अशी मांडणी केली. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी 1992 मध्ये त्यात दुरुस्ती सुचवली: बाई निसर्गाच्या जवळ असते ती जन्मजात नव्हे, काम, जात-वर्ग आणि जमिनीची मालकी यांतून ते नाते घडते. खान्देशाला ही दुरुस्तीच लागू पडते. सरकी बायांच्या हाती होती तेव्हाही सातबारा बहुतेक पुरुषाच्याच नावावर होता. जुन्या काळाचे गोडवे गाऊन हा हिशेब मिटत नाही.

बियाण्याची निवड बायांच्या हातून गेली, वेचणी मात्र त्यांच्याकडेच राहिली. गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रभर तिने नुकसान केले. अळीने खाल्लेले बोंड पूर्ण उमलत नाही, त्याची कवडी होते. पाकळ्या नखाने उकलून डागाळलेला कापूस ओढून काढावा लागतो, बोटे सोलतात. मजुरी मात्र किलोवर. कवडी वजनाला हलकी, वेळ जास्त खाते, आणि तो जादा वेळ वेचणारीच्या मजुरीतून जातो.