शुनबुन नो हि

जपानमधील वसंत संपाताची, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसाची, राष्ट्रीय सुट्टी. ती २० किंवा २१ मार्चला येते. कायद्यात ठरावीक तारीख दिलेली नाही. राष्ट्रीय खगोलीय वेधशाळा गणित मांडते आणि पुढच्या वर्षीची तारीख आदल्या फेब्रुवारीत सरकारी राजपत्रात छापून येते. २०२६ साली ती २० मार्चला, तर २०२७ साली २१ मार्चला. पंचांगावर सण पाळणाऱ्यांना हा कारभार ओळखीचा वाटावा.

१८७८ पासून हा दिवस सम्राटघराण्याच्या पूर्वजांच्या पूजेचा होता. नाव होते ‘शुनकी कोरेइसाइ’. महायुद्धानंतर शासन आणि शिंतो हा जपानचा पारंपरिक धर्म यांची फारकत झाली. १९४८ च्या सुट्ट्यांच्या कायद्याने या दिवसाला नवे नाव दिले आणि हेतू सांगितला तो निसर्गाची थोरवी गाण्याचा व सजीवांवर माया करण्याचा. पूर्वजांचे स्मरण सप्टेंबरातील शरद संपाताच्या सुट्टीकडे गेले. ही वाटणी कागदावरच राहिली. वसंतातही लोक दफनभूमीकडेच निघतात.

कारण कायद्याहून जुनी प्रथा ‘हिगान’ची आहे. संपाताच्या आधीचे तीन दिवस, नंतरचे तीन आणि मधला तो दिवस, असा हा सप्ताह. इ. स. ८०६ मध्ये राजपुत्र सावारा याच्या आत्म्याच्या शांतीसाठी भिक्षूंकरवी सात दिवस सूत्रपठण करविल्याची नोंद सापडते. हिगान म्हणजे पैलतीर. मूळ कल्पना बौद्धांच्या पारमितेची, म्हणजे पैलतीरी नेणाऱ्या सद्गुणांची. आपण राहतो तो ऐलतीर, ‘शिगान’. मराठीत हे शब्द जसेच्या तसे बसतात.

घरची माणसे कबरीभोवतीचे तण उपटतात, लाकडी बादलीतले पाणी पळीने दगडावर ओततात, फुले ठेवून उदबत्ती लावतात. नैवेद्य ‘बोतामोची’चा: चिकट तांदूळ शिजवून अर्धवट कुटायचे, गोळे वळायचे आणि वरून अझुकी या लाल कडधान्याचे गोड पुरण थापायचे. आपल्या पुरणपोळीच्या उलट, पुरण बाहेर. बोतान म्हणजे पिओनीचे फूल, त्यावरून हे नाव. शरदात हाच पदार्थ हागी या झुडपाच्या नावाने ‘ओहागी’ होतो.

संपाताला सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो आणि अमिताभ बुद्धाची सुखावती, म्हणजे त्याची स्वर्गभूमी, पश्चिमेलाच मानली जाते. ओसाकाच्या शितेन्नोजी मंदिरात १२९४ सालची दगडी तोरी कमान पश्चिमेच्या वाटेवर उभी आहे. त्या संध्याकाळी लोक आत, पश्चिमद्वारापाशी जमतात आणि कमानीच्या दिशेने बुडणाऱ्या सूर्याकडे पाहत ध्यान करतात.