चिठ्ठी सरकारची, किल्ली मालकाची

अमेरिकेत भाड्याचं घर शोधणाऱ्यांना जाहिरातीच्या तळाशी एक छोटी ओळ हमखास दिसायची, आणि काही राज्यांत अजूनही दिसते: 'नो सेक्शन एट'. नव्याने तिकडे गेलेल्याला ही पार्किंगची किंवा पाळीव कुत्र्यांची अट वाटते. आपल्याकडच्या 'फक्त शाकाहारी' किंवा 'बॅचलर नको' या ओळींचीच ती बहीण आहे. सरकारी व्हाउचर घेऊन येणारा भाडेकरू नको, एवढाच तिचा अर्थ. आता, भाड्याचा मोठा हिस्सा सरकार दर महिन्याला थेट मालकाच्या खात्यात भरणार असताना मालकाने नको का म्हणावं? ते कळायला १९३७ पर्यंत मागे जावं लागतं, कारण 'सेक्शन एट' म्हणजे त्या वर्षीच्या गृहनिर्माण कायद्यातलं आठवं कलम.

मंदीचा काळ. शहरांत झोपडपट्ट्या आणि बांधकाम मजूर बेकार. न्यूयॉर्कचे सिनेटर रॉबर्ट वॅग्नर यांनी रेटून नेलेल्या या कायद्याची रचना सरळ होती: स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटीने, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाने, इमारती बांधायच्या, बांधकामाचा पैसा केंद्राने द्यायचा आणि रोजचा खर्च भाड्यातून भागवायचा. बिल्डर आणि घरमालकांच्या संघटनांचा याला कडाडून विरोध होता. सरकारने बांधकामात उतरूच नये, त्यापेक्षा गरिबांना भाड्याच्या चिठ्ठ्या द्याव्यात, त्या घेऊन ते आमच्या घरांत राहतील, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे व्हाउचरची कल्पना पहिल्यांदा मांडली ती मालकांच्या बाजूने, आणि संसदेने ती तेव्हा फेटाळली. पुढे त्याच चिठ्ठीला मालक नाकं मुरडू लागले, हा या गोष्टीतला विनोद.

सरकारी इमारतींचं काय झालं याचं उदाहरण म्हणून सगळे सेंट लुईसच्या प्रुइट-आयगोकडे बोट दाखवतात. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, २,८०० च्या वर घरं, पहिले रहिवासी १९५४ मध्ये आले. वास्तुरचनाकार मिनोरू यामासाकी, ज्यांनी पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे उभारले. खर्च वाचवायचा म्हणून लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. पहिला, चौथा, सातवा, दहावा एवढेच थांबे. बाकीच्यांनी तिथे उतरून जिना चढायचा किंवा उतरायचा. १९७२ मध्ये यातल्या इमारती सुरुंग लावून पाडायला सुरुवात झाली आणि ते चित्र जगभर गेलं. धुळीचा लोट दाखवून 'सरकारी घरं म्हणजे फसलेला प्रयोग' हे वाक्य तेव्हापासून जे चिकटलं ते आजतागायत सुटलेलं नाही.

पण त्या धुळीमागे साधा हिशोब होता. देखभालीचा पैसा भाड्यातूनच काढायचा तर खर्च वाढला की भाडं वाढणार. इमारती जुन्या होत गेल्या, बरी कमाई असलेले बाहेर पडले, राहिले ते सगळ्यात गरीब, आणि भाडं वाढवायचं तर त्यांच्याचकडून. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या सरकारी वसाहतींतल्या भाडेकरूंनी भाडं भरणंच बंद केलं. फेब्रुवारीत सुरू झालेला हा संप ऑक्टोबरपर्यंत चालला. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रुक यांची दुरुस्ती मंजूर झाली: सरकारी घरातल्या भाडेकरूकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त भाडं घ्यायचं नाही. थेट मतदानाने सिनेटवर गेलेले ब्रुक हे पहिले कृष्णवर्णीय. रेगन यांच्या काळात, १९८१ मध्ये, हे प्रमाण ३० टक्के झालं आणि आजही तेच आहे.

माझ्या मते व्हाउचरचा खरा जन्म या दुरुस्तीत आहे, पुढे आलेल्या १९७४ च्या कायद्यात नाही. घराला खर्च किती येतो हा प्रश्न बाजूला सारून भाडेकरूला परवडतं किती, इथून मोजायला सुरुवात झाली. एकदा मोजमाप असं उलटं फिरलं की मधला खड्डा कुणीतरी भरायचा, एवढंच उरतं. मुंबईने तो घरमालकाच्या खिशातून भरला. १९४७ च्या बॉम्बे रेंट ॲक्टने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं, मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतलं, पागडीचा वेगळाच बाजार उभा राहिला, आणि चाळींच्या कठड्यांना टेकू लागले. अमेरिकेतही न्यूयॉर्कसारख्या शहरांत युद्धकाळापासूनचं भाडेनियंत्रण आहे. पण गरिबाच्या भाड्यातली तूट भरण्यासाठी केंद्राने वेगळी वाट धरली. मालकाला बाजारभाव मिळू द्यायचा आणि फरक तिजोरीतून द्यायचा.

जानेवारी १९७३ मध्ये निक्सन सरकारने अनुदानित घरांच्या नव्या बांधकामाला स्थगिती दिली. भाड्यासाठी रोख मदत देऊन पाहण्याचे प्रयोग त्याआधीच मंजूर झाले होते. ग्रीन बे आणि साउथ बेंड या दोन मध्यम शहरांच्या परिसरात पात्र ठरेल त्या प्रत्येकाला मदत देऊन पाहिलं, कारण सर्वांना एक भीती होती: लोकांच्या हातात भाड्याचे पैसे आले की मालक भाडी चढवतील. तसं फारसं झालं नाही. मात्र अंतिम निष्कर्ष हाती येण्याआधीच कायदा झालेला होता. निकालाआधी प्रवेश! २२ ऑगस्ट १९७४ रोजी, सत्तेवर येऊन दोन आठवडेही झाले नव्हते तोच, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर सही केली आणि १९३७ च्या कायद्यातलं आठवं कलम नव्याने लिहिलं गेलं.

सुरुवातीला या कलमाला दोन फांद्या होत्या. एक, बिल्डरला नवी घरं बांधायला दीर्घ मुदतीची हमी. दोन, भाड्यातला फरक सरकार भरेल असं भाडेकरूच्या हातात प्रमाणपत्र. पहिली महागडी म्हणून १९८३ मध्ये छाटली गेली. त्याच सुमारास प्रमाणपत्राच्या जोडीला 'व्हाउचर' आलं. प्रमाणपत्रावर सरकारने ठरवलेल्या कमाल भाड्याच्या वरचं घर घेताच येत नसे. व्हाउचरवर येई, वरचा फरक स्वतः भरायचा. जवळपास पंधरा वर्षं एकाच कचेरीत दोन वेगवेगळे कागद, दोन वेगवेगळे नियम चालले. १९९८ च्या कायद्याने दोन्ही एकत्र केले आणि आजचं 'हाउसिंग चॉइस व्हाउचर' तयार झालं. लोक मात्र अजूनही सेक्शन एटच म्हणतात.

आता हिशोब. एखाद्या बाईचं वजावटी जाऊन महिन्याचं उत्पन्न १,५०० डॉलर आहे असं धरू. तिचा वाटा ३० टक्के, म्हणजे ४५०. तिच्या कुटुंबाला लागणाऱ्या दोन बेडरूमच्या घरासाठी स्थानिक ऑथॉरिटीने १,४०० ही मर्यादा ठरवली आहे. ही मर्यादा मनाने ठरत नाही. केंद्रीय गृहनिर्माण खातं दरवर्षी प्रत्येक भागाचं 'रास्त बाजारभाडं' जाहीर करतं आणि साधारणपणे त्याच्या ९० ते ११० टक्क्यांच्या आत ती बसवायची असते. वीज-गॅस धरून १,३०० चं घर मिळालं तर बाई ४५० देणार, ऑथॉरिटी ८५०. घर १,५०० चं असेल तर ऑथॉरिटी जास्तीत जास्त ९५० देईल (१,४०० वजा ४५०) आणि बाईच्या वाट्याला ५५० येतील. १,६०० चं घर तिला आवडलं, मालकही तयार आहे, तरी ते तिला घेता येणार नाही. तिचा वाटा ६५० होईल, आणि नव्या घरात जाताना मर्यादेवरचं घर घेणाऱ्याचा वाटा उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या, इथे ६०० च्या, वर जाऊ देत नाहीत. पगार वाढला की वाटा वाढतो, नोकरी गेली की घटतो. दरवर्षी सगळे कागद पुन्हा.

डिपॉझिट मात्र या हिशोबात कुठेच नाही. ते सहसा तिचं तिनेच उभं करायचं.

व्हाउचर हातात आलं म्हणजे घर मिळालं असंही नाही. त्यावर मुदतीची तारीख असते, किमान ६० दिवसांची. तेवढ्यात तयार असलेला मालक शोधायचा, त्याच्याकडून मंजुरीचा अर्ज भरून घ्यायचा, मग ऑथॉरिटीचा निरीक्षक घर तपासायला येणार. ही तपासणी कशी असते ते पाहण्यासारखं आहे. प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म चालतो का. न्हाणीघरात गरम आणि थंड दोन्ही पाणी येतं का. बाहेरून हात पोचेल अशा खिडकीला कडी लागते का. घर १९७८ च्या आधीचं आणि कुटुंबात सहा वर्षांखालचं मूल असेल तर रंगाचे पोपडे निघालेत का, कारण जुन्या रंगात शिसं असतं आणि रांगतं मूल ते तोंडात घालतं. एखादी गोष्ट नापास झाली की दुरुस्ती आणि पुन्हा तपासणी. तोवर घर रिकामं, मालकाचं भाडं बुडतंय, आणि दारात दुसरा गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन उभा. मालकाच्या नकारामागे एवढं तरी व्यवहाराचं कारण असतं. बाकीचा नकार कुणाला जवळपास राहू द्यायचं याबद्दलचा असतो. अमेरिकेत त्या प्रश्नाला कातडीचा रंग आहे, आणि तो सरकारी घरांच्याही जुना आहे.

शिकागोत हा प्रश्न कोर्टात गेला. १९६६ मध्ये डोरोथी गोट्रो आणि इतर भाडेकरूंनी दावा लावला की ऑथॉरिटी सरकारी घरं मुद्दाम काळ्यांच्याच वस्त्यांत बांधते. गोट्रो स्वतः १९६८ मध्ये वारल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७६ मध्ये आला. त्यातून पुढची दोन दशकं हजारो कुटुंबांना सेक्शन एटच्या आधाराने बऱ्याच अंशी गोऱ्या उपनगरांत हलवण्यात आलं. त्यावरून १९९४ मध्ये सरकारने पाच शहरांत साडेचार हजारांवर कुटुंबांचा रीतसर प्रयोग केला. सोडत काढून काहींना कमी गरिबीच्या वस्तीतच वापरता येईल असं व्हाउचर, काहींना साधं, काहींना काहीच नाही. सुरुवातीचे निकाल निराशाजनक होते, मोठ्यांची कमाई काही वाढली नाही. दिल्लीत जन्मलेले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तीच कुटुंबं पुन्हा तपासली, या वेळी मुलं मोठी झाल्यावर. तेरा वर्षांच्या आत चांगल्या वस्तीत गेलेल्या मुलांची विशीच्या मध्यातली कमाई, व्हाउचर न मिळालेल्यांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त होती. ऐन किशोरवयात हललेल्यांना मात्र फायदा झाला नाही, उलट थोडा तोटाच. शाळा, दोस्त, गल्ली सुटण्याची किंमत त्या वयात जास्त पडत असावी.

मालकाच्या नकारावर कायद्याचा पहिला उपाय मॅसॅच्युसेट्सने केला, १९७१ मध्येच: केवळ सरकारी मदत घेतो म्हणून भाडेकरूला नाकारता येणार नाही. कॅलिफोर्नियात व्हाउचरसाठी असा राज्यव्यापी कायदा लागू व्हायला १ जानेवारी २०२० उजाडलं. टेक्ससने याच्या नेमकं उलट केलं. तिथल्या शहरांनी असे नियम करू नयेत, असा कायदाच राज्याने २०१५ मध्ये केला. केंद्राच्या पातळीवर सर्वसाधारण मनाई आजही नाही, म्हणून राज्याची हद्द ओलांडली की तोच कागद कमी-जास्त किमतीचा होतो. खरं तर व्हाउचर एका शहरातून दुसऱ्या शहरात नेता येतं, ही त्याची मोठी सोय म्हणून सांगतात.

या सगळ्याच्या आधी रांग. शाळेच्या जेवणासारखी किंवा गरिबांना किराण्यासाठी मिळणाऱ्या फूड स्टॅम्पसारखी ही मदत पात्र असलेल्या प्रत्येकाला मिळत नाही. संसद दरवर्षी जेवढा पैसा मंजूर करेल तेवढीच व्हाउचरं, सध्या सुमारे २३ लाख कुटुंबांपुरती. केंद्राच्या सगळ्या भाडे-योजना मिळूनही दर चार पात्र कुटुंबांतल्या जेमतेम एकाला मदत पोचते. गृहकर्जाच्या व्याजावरची करसवलत मात्र नियमात बसणाऱ्या प्रत्येकाला मिळते. तिच्यासाठी कुणी वेटिंग लिस्ट ठेवत नाही. शिवाय व्हाउचरसाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डसारखा दर्जा लागतो. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या आपल्या मुलांना याचा काही उपयोग नाही.

रांगा इतक्या लांबल्या की बहुतेक मोठ्या शहरांनी नवे अर्ज घेणंच बंद केलं. अधूनमधून काही दिवस खिडकी उघडते आणि पुन्हा मिटते. लॉस एंजेलिसने ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन आठवडे अर्ज घेतले. दोन लाखांहून जास्त आले, लॉटरीतून रांगेत जागा होती ३०,००० जणांना. न्यूयॉर्कची यादी जवळपास पंधरा वर्षं बंद होती. जून २०२४ मध्ये ती आठवडाभर उघडली तेव्हा सहा लाखांवर अर्ज आले आणि सोडत काढून दोन लाख नावं ठेवली. सोडतीत नाव निघालेल्यांना या टप्प्यावर व्हाउचर मिळत नाही, रांगेतला नंबर मिळतो. नंबर लागेल तेव्हा उत्पन्नाची तपासणी पुन्हा पहिल्यापासून, त्यात बसलं तर कागद, आणि त्या कागदावरची ६० दिवसांची मुदत त्या दिवसापासून मोजायची.