रेस फिल्म आणि ब्लॅक्सप्लॉयटेशन: दोन्ही ‘काळ्यांचे चित्रपट’, पण एक नव्हेत

‘रेस फिल्म’चं मराठी ‘वंशवादी चित्रपट’ असं केलेलं दिसलं की माझा जीव कळवळतो, कारण अर्थ नेमका उलटा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक आणि त्यांची वर्तमानपत्रं स्वतःच्या लोकांना ‘द रेस’ म्हणत. आपल्याकडे ‘हा समाजाचा माणूस आहे’ असं म्हणतात ना, शिकला, कमावता झाला, पण आपल्या लोकांना विसरला नाही, तसा माणूस म्हणजे ‘रेस मॅन’. त्याच चालीवर रेस फिल्म म्हणजे समाजाचा सिनेमा. ते नाव अभिमानानं घेतलेलं होतं.

ब्लॅक्सप्लॉयटेशन, म्हणजे १९७० च्या दशकातले कृष्णवर्णीय नायकांचे भडक मारधाडपट. ‘ब्लॅक’ आणि ‘एक्सप्लॉयटेशन’ जोडून केलेलं हे नाव मात्र निषेध म्हणून जन्मलं. एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या हॉलिवूड शाखेचे ज्युनियस ग्रिफिन यांनी १९७२ मध्ये ते रूढ केलं. सिनेमाच्या धंद्यात ‘एक्सप्लॉयटेशन’ म्हणजे भडक विषयावर स्वस्तात चित्रपट काढून गल्ला भरणं. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ शोषण. ग्रिफिन यांना दोन्ही अभिप्रेत होते.

तरीही ‘अमेरिकेतले जुने काळे चित्रपट’ म्हणून या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. वरवर पाहिलं तर साम्य आहेच. दोन्हींत पडद्यावर मुख्यतः कृष्णवर्णीय नट, खुर्च्यांवर मुख्यतः कृष्णवर्णीय प्रेक्षक, आणि पैशांची चणचण. पण मध्ये जवळजवळ वीस वर्षांची फट आहे. रेस फिल्मचा काळ साधारण १९१५ ते १९५० आणि ब्लॅक्सप्लॉयटेशनचा १९७१ ते १९७६ च्या आसपास. आणि फरक फक्त सालांचा नाही.

रेस फिल्म जन्मली ती दुखावलेल्या मनातून. १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला. त्यात तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्या नटांनी काळ्या माणसाला जनावर करून दाखवलं होतं आणि कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेला तारणहार. एनएएसीपीनं गावोगाव विरोध केला, तरी चित्रपट तुफान चालला. पुढच्याच वर्षी नेब्रास्कातल्या ओमाहा इथे नोबल आणि जॉर्ज जॉन्सन या भावांनी लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली. आपल्या माणसांना इंजिनियर, सैनिक, घरंदाज कुटुंबातली माणसं म्हणून दाखवायचं, हा त्यांचा उघड हेतू होता.

आणि मग ऑस्कर मिशो. या माणसाबद्दल लिहिताना मला आवरतं घेणं जमत नाही. रेल्वेच्या पुलमन म्हणजे झोपण्याच्या डब्यांत पोर्टरचं काम केलेला, साउथ डकोटात जमीन घेऊन शेती केलेला, स्वतःची पुस्तकं दारोदार विकणारा माणूस. त्याच्या कादंबरीचे हक्क लिंकन कंपनीला हवे होते. दिग्दर्शन मीच करणार म्हणाला, बोलणी फिसकटली, तर त्यानं स्वतःची कंपनी काढली आणि आयोवातल्या सू सिटीच्या आसपासच्या शेतकऱ्यांना तिचे शेअर विकले. त्यांतले बरेच गोरे होते. १९१९ ते १९४८ या काळात त्यानं चाळीसच्या आसपास चित्रपट केले.

त्याचा ‘विदिन अवर गेट्स’ शिकागोत जानेवारी १९२० मध्ये लागला. त्याआधी सहाच महिने त्या शहरात वांशिक दंगलीत ३८ माणसं मेली होती. चित्रपटात जमावानं एका कष्टकरी कुटुंबाला फासावर दिल्याचं दृश्य आहे, म्हणून सेन्सॉर घाबरलं होतं. पण मला त्याहून जास्त लक्षात राहतं ते एक छोटं दृश्य. नेड नावाचा काळा धर्मोपदेशक दोन गोऱ्या बड्यांकडे जातो. ते त्याची टिंगल करतात, हा खिदळतो. ते त्याला मागून लाथ घालतात, तरी हा हसतोच. मग बाहेर येतो, दार लावून घेतो, आणि त्याचं हसू गळून पडतं. स्वतःशीच कबूल करतो, की थोडक्या पोटापाण्यासाठी मी माझा जन्मसिद्ध हक्क पुन्हा विकला, मी नरकात जाणार.

रेस फिल्म म्हणजे काय हे मला कोणी विचारलं तर मी हे दार दाखवीन. त्या काळच्या हॉलिवूडच्या चित्रपटातही काळा माणूस हसायचा, मान डोलवायचा, ‘येस सर’ म्हणायचा. पण कॅमेरा गोऱ्यांच्या खोलीतच थांबायचा. तो माणूस बाहेर गेल्यावर काय होतो, हे बघायची कोणाला गरजच वाटत नव्हती. मिशोचा कॅमेरा त्याच्याबरोबर बाहेर आला, कारण त्याचा प्रेक्षक बाहेरचाच होता.

हा प्रेक्षक चित्रपट बघायचा कुठे, तेही महत्त्वाचं. दक्षिणेत सिनेमाघरं वेगळी, किंवा गोऱ्यांच्या थिएटरात वरची बाल्कनी, किंवा गोरे घरी गेल्यावर मध्यरात्रीचा खेळ. शिवाय शाळा आणि चर्चं होतीच. चित्रपटाच्या मोजक्या प्रती गावोगाव फिरायच्या, झिजायच्या, तुटायच्या.

इथे एक सोपा नियम करायचा मोह होतो, की रेस फिल्म कृष्णवर्णीयांनी काढली आणि ब्लॅक्सप्लॉयटेशन गोऱ्यांनी. तो नियम टिकत नाही. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये ‘द फ्लाइंग एस’ (१९२६) हा रेस फिल्मचा उत्तम नमुना काढणारे रिचर्ड नॉर्मन गोरे होते. स्पेन्सर विल्यम्स यांच्या ‘द ब्लड ऑफ जीझस’ला (१९४१) पैसा गोऱ्या वितरकाचा होता. उलट ब्लॅक्सप्लॉयटेशनमधल्या ‘शाफ्ट’चे दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स आणि ‘सुपर फ्लाय’चे दिग्दर्शक, त्यांचाच मुलगा, दोघेही कृष्णवर्णीय. दिग्दर्शकाच्या रंगावरून निवाडा करता येत नाही.

आणि रेस फिल्मवर प्रेम असलं तरी तिचे दोष झाकायचे नाहीत. नायक-नायिका बहुधा उजळ कातडीचे, आणि खलनायक किंवा विदूषक गडद. गोऱ्या रंगाचं वेड आपल्याला परकं नाही, त्यामुळे ते बघताना जास्तच टोचतं. मिशो आपल्या नटाची जाहिरात ‘काळा व्हॅलेंटिनो’ अशी करायचा, आणि व्हॅलेंटिनो हा हॉलिवूडचा गोरा नट. समाजाला आरसा देतानासुद्धा चौकट परक्याचीच होती.

बोलपट आले, खर्च वाढला, मंदी आली, छोट्या कंपन्या बुडाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलिवूडनं सिडनी पॉयटिएसारखा एखादा कृष्णवर्णीय नट सुटाबुटात पुढे आणला आणि वेगळ्या सिनेमाची गरज संपल्यासारखं वाटलं. मिशो १९५१ मध्ये वारला.

आता १९७१. ‘शाफ्ट’ची सुरुवात आठवा. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या जिन्यावरून कातडी कोटातला नायक, रिचर्ड राउंडट्री, वर येतो आणि टाइम्स स्क्वेअरच्या भर रहदारीत घुसतो. एक गाडी अंगावर येते, तो तिच्याच ड्रायव्हरवर खेकसतो, बोट दाखवतो आणि पुढे जातो. मागे आयझॅक हेजचं संगीत. त्या गाण्याला पुढे ऑस्कर मिळालं. नेडला दार लावल्यावरच खरा चेहरा करता येत होता. हा माणूस रस्त्याच्या मधोमध चालतोय आणि शहरानं ब्रेक लावायचा आहे. त्या वेळच्या तरुण प्रेक्षकांना काय वाटलं असेल, ते हे दृश्य आजही बघताना कळतं. म्हणून ब्लॅक्सप्लॉयटेशनला नुसतं हिणवणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण या चित्रपटांमागे हिशोब होता. गोरी कुटुंबं उपनगरांत राहायला गेली, शहराच्या मध्यातली मोठी थिएटरं ओस पडली, स्टुडिओ तोट्यात होते. आसपास राहणारा कृष्णवर्णीय प्रेक्षक तिकीट काढतो, हे त्यांच्या लक्षात आलं ते ‘स्वीट स्वीटबॅक’मुळे. मेल्व्हिन व्हॅन पीबल्स यांनी तो कुठल्याही स्टुडिओविना काढला. विनोदी नट बिल कॉस्बींकडून ५० हजार डॉलर उसने घेतले. सुरुवातीला तो फक्त दोन थिएटरांत लागला, एक डेट्रॉइटमध्ये आणि एक अटलांटात. मग त्यानं दीड कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला.

खरा गोंधळ याच चित्रपटापाशी होतो. यादीत तो ब्लॅक्सप्लॉयटेशनचा पहिला म्हणून येतो, पण बनवण्याची रीत थेट मिशोची: उसनवारी, स्वतःच लेखक, स्वतःच दिग्दर्शक, स्वतःच नट, स्वतःच विक्रेता. मला तो रेस फिल्मचा उशिरा जन्मलेला शेवटचा भाऊ वाटतो. त्याच्यानंतर स्टुडिओंनी नायकाचा राग उचलला आणि गल्ल्याची चावी स्वतःकडे ठेवली. (‘शाफ्ट’चा नायक आधी गोरा होता आणि ‘स्वीटबॅक’ चालल्यावर त्याला काळा केलं, ही दंतकथा आहे. १९७० च्या मूळ कादंबरीतही तो कृष्णवर्णीयच आहे. ती कादंबरी लिहिणारा अर्नेस्ट टिडीमन मात्र गोरा.)

‘स्वीटबॅक’वरून खुद्द कृष्णवर्णीयांत जुंपली. ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल पक्षाच्या ह्युई न्यूटन यांनी पक्षाच्या मुखपत्रात त्याला क्रांतिकारक चित्रपट म्हटलं, तर ‘एबनी’ मासिकात लेरोन बेनेट यांनी त्याची चिरफाड केली. याच पँथर पक्षापासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी दलित पँथर उभी केली. आपल्याबद्दल दुसऱ्यानं लिहायचं की आपण, आणि आपण लिहिलं तर कोणत्या भाषेत, हा वाद त्याच काळात मराठीतही पेटलेला होता.

१९७२ च्याच ‘सुपर फ्लाय’चा नायक कोकेन विकतो आणि शेवटी पोलिसांना चकवून पैशासकट सुटतो. चित्रपटातली कर्टिस मेफील्ड यांची गाणी मात्र त्याच धंद्याविरुद्ध बोलतात. ‘फ्रेडीज डेड’ (‘फ्रेडी मेला’) या गाण्याची चित्रपटात फक्त धून वाजते. त्यातले इशाऱ्याचे शब्द रेकॉर्डवर. ज्यानं नुसता चित्रपट पाहिला त्याला लांब कोट आणि गाडी दिसली, ज्यानं रेकॉर्ड ऐकली त्याला मेलेला पोरगा. ग्रिफिन आणि त्यांचे सहकारी ‘कोअलिशन अगेन्स्ट ब्लॅक्सप्लॉयटेशन’ स्थापून रस्त्यावर आले ते याच वर्षी. पण नटी पॅम ग्रियरची ‘कॉफी’ (१९७३) याच लाटेत आली हेही विसरू नये. बहिणीला व्यसनात ओढणाऱ्यांना शोधून काढणारी नर्स, चित्रपटाच्या मध्यभागी एकटी कृष्णवर्णीय बाई. दिग्दर्शक जॅक हिल गोरा, कॅमेऱ्याची नजर अनेकदा पुरुषी आणि हावरी. तरी तिला कोणाची मोलकरीण व्हावं लागलं नाही.

मग १९७५ च्या सुमारास स्टुडिओंना ‘जॉज’सारखे सगळ्या अमेरिकेला एकदम खेचणारे चित्रपट सापडले आणि हा बाजार उठला. नट रिकामे झाले. रेस फिल्म पैसे संपल्यामुळे आणि प्रेक्षक दुसरीकडे वळल्यामुळे हळूहळू मेली. ब्लॅक्सप्लॉयटेशन प्रेक्षक असतानाही बंद झालं, कारण ते चालू ठेवायचं की नाही हे प्रेक्षकांच्या हातात नव्हतंच.

आज ‘शाफ्ट’ची स्वच्छ प्रत कुठेही मिळते, स्टुडिओनं ती जपली. रेस फिल्म काढल्या गेल्या सुमारे पाचशे, उरल्या शंभरही नाहीत. ‘विदिन अवर गेट्स’ कित्येक दशकं हरवलेलाच होता. त्याची एकमेव प्रत सापडली माद्रिदच्या चित्रपट संग्रहालयात, ‘ला नेग्रा’ या नावानं, मूक चित्रपटात संवाद दाखवणाऱ्या पाट्या स्पॅनिशमध्ये असलेली. १९९३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तो पुन्हा उभा केला तेव्हा बहुतेक पाट्या स्पॅनिशवरून परत इंग्रजीत आणाव्या लागल्या. मिशोचे मूळ शब्द कोणते होते, ते त्याच्या कादंबऱ्यांच्या भाषेवरून ताडावं लागलं. तो आता नेटवर मोफत बघता येतो, सव्वा तासाचा आहे. नेडचं ते दार मूक चित्रपटातलं आहे, ते लागल्याचा आवाज येत नाही. लक्ष ठेवून बघा.