धिंगरी अळिंबी : रासायनिक घटक आणि आहारमूल्य

धिंगरी (प्ल्यूरोटस प्रजाती) ही भाताच्या पेंढ्यावर किंवा गव्हाच्या काडावर वाढवली जाणारी खाद्य अळिंबी. ताज्या धिंगरीत सुमारे ९० टक्के पाणी असते. दहा किलो सुकवली की जेमतेम एक किलो उरते.

तिच्या प्रथिनांचा आकडा अनेकदा फुगवून सांगितला जातो. प्रयोगशाळेत नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणायची रीत आहे. पण अळिंबीतले बरेच नत्र पेशीभित्तिकेतील कायटिन या तंतुमय द्रव्यात असते आणि ते प्रथिन नव्हे, म्हणून येथे ४.३८ हा गुणक वापरतात. वाळलेल्या मालात ४ टक्के नत्र असेल, तर पहिल्या हिशेबाने प्रथिन २५ टक्के निघते, दुसऱ्याने साडेसतरा. अशा मालाच्या ताज्या १०० ग्रॅममध्ये ते साधारण पावणेदोन ग्रॅम भरते. धिंगरी खाल्ली म्हणून ताटातली डाळ कमी करू नये.

तिचे खरे बळ अन्यत्र आहे. मेद व सोडियम कमी, पोटॅशियम भरपूर; नायसिन, रायबोफ्लेविन ही ब-जीवनसत्त्वेही चांगली. बीटा-ग्लुकान हा तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतो, त्यामुळे कोलेस्टेरॉल घटण्यास मदत होऊ शकते. एर्गोथायोनीन हे प्रतिऑक्सिडीकारक (अँटिऑक्सिडंट) अळिंबीइतके फार थोड्या अन्नात सापडते. मात्र कर्करोग किंवा मधुमेह ‘बरा’ होतो, या दाव्यांना आधार नाही. शिताके या दुसऱ्या अळिंबीतले लेंटिनान (हेही एक बीटा-ग्लुकान) जपानमध्ये कर्करोगाच्या उपचारात पूरक म्हणून वापरले गेले, पण शुद्ध करून, इंजेक्शनने. भाजीतून तो परिणाम मिळत नाही.

ड जीवनसत्त्व मात्र घरीच वाढवता येते. अळिंबीतल्या एर्गोस्टेरॉल या घटकावर सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पडले की ड-२ तयार होते. ताजी धिंगरी कापून, टोपीखालच्या पडद्यांची बाजू वर करून, दुपारच्या उन्हात १५ ते ३० मिनिटे ठेवावी. बंद खिडकीच्या काचेआड ठेवल्यास उपयोग होत नाही, कारण काच हे किरण अडवते.

धिंगरी कच्ची खाऊ नये. तिच्यातील ऑस्ट्रिओलायसिनसारखी रक्तपेशी फोडणारी प्रथिने उष्णतेने निष्क्रिय होतात. उकळून पाणी फेकल्यास ब-जीवनसत्त्वे व पोटॅशियमही जातात. थोड्या तेलावर परतणे बरे. मॅनिटॉल व कायटिनमुळे काहींना पोटात वायू धरतो. प्यूरिन असल्याने संधिवातापैकी गाऊट असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. लागवड करणाऱ्यांना बीजाणूंमुळे खोकला, ताप व धाप लागू शकते. म्हणून टोपीच्या कडा वर वळण्याआधीच काढणी करावी आणि खोलीत मुखपट्टी लावूनच जावे.